उन्हात घातलेली पुस्तकं

“आज ऊन नही शे. पुस्तक भेटाव नही.”

वाचनालयाच्या शिपायानं आभाळाकडे बघत मला हे सांगितलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी खालच्या पायरीवर उभा. हातात वही, खिशात पुण्याच्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र. आत टेबलाशी गावातली भली माणसं बसली होती. कुणी पेपर वाचत होतं, कुणी कादंबरी बदलून नेत होतं. त्यांना ऊन लागत नव्हतं. ऊन फक्त माझ्या पुस्तकाला लागत होतं.

कसं ते सांगतो. सकाळी मला एक पुस्तक मिळायचं. हातात नाही. शिपाई ते वरच्या पायरीवर ठेवून मागे सरकायचा, मग मी उचलायचं. पायरीवर बसून वाचायचं. दुपारी मी ते तिथंच ठेवलं की शिपाई फडक्यानं उचलून आवारातल्या बाकावर उघडं घालायचा. संध्याकाळपर्यंत ऊन खाऊन ते शुद्ध व्हायचं आणि कपाटात जायचं. म्हणून दिवसाला एकच पुस्तक. आणि आभाळ आलं की तेही नाही. दारावर पाटी होती, सर्वांसाठी खुले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. शिवाशिवीवर कायद्यानं बंदी होती. म्हणून ग्रंथपाल जपून बोलायचे. पहिल्या दिवशी प्राध्यापकांचं पत्र वाचून त्यांनी मला आत बोलावलं होतं, खुर्ची पुढे केली होती. कुठले तुम्ही, म्हणाले. मी गावाचं नाव सांगितलं. तापीकाठचं, सारंगखेड्याच्या अलीकडचं. मग गुजरांपैकी का, पाटलांपैकी का, असं सुरू झालं. शेवटी गावात घर कोणत्या बाजूला, हे विचारलं. मी म्हणालो, गावाबाहेर. त्यांना कळलं. आमच्याकडे एवढं पुरतं.

त्यानंतर त्यांनी मला ‘तुम्ही’ म्हणणं सोडलं. पुण्याहून पत्र घेऊन आलेल्याला ‘तू’ म्हणायचा धीर होईना. मग ते बिनमाणसाचं बोलू लागले. बाहेर बसायचं. वारा चांगला असतो. पुस्तक जपून ठेवायचं. जुन्या पुस्तकांना कसर लागते, म्हणून ऊन द्यावं लागतं, असंही सांगितलं. मला ते खरं वाटलं. किती काळजी घेतात पुस्तकांची, असं मी मनात म्हणालोसुद्धा. दुसऱ्या दिवशी एका वकिलाच्या पोरानं त्याच कपाटातलं पुस्तक परत केलं आणि ते सरळ आत गेलं, तेव्हा माझे डोळे उघडले.

तरी मी येत राहिलो. का येत राहिलो, ते सांगायचं तर बापाचं सांगावं लागेल.

माझा बाप गावचा महार. वतनात जी कामं होती त्यात एक काम वाट दाखवण्याचं. गावात साहेब आला, अंमलदार आला, की महारानं त्याच्या घोड्यापुढे चालायचं. आपल्या गावाच्या शिवेपर्यंत न्यायचं. तिथं उभं राहून पलीकडच्या गावच्या महाराला हाक द्यायची. तो आला की साहेब त्याच्या हवाली करायचा आणि परत फिरायचं. रात्र असो, पाऊस असो, घरात मढं पडलेलं असो. मजुरी नाही. वतनच आहे ना तुला, म्हणायचे.

मी जन्मायच्या आधी एकदा जंगलखात्याचा एक गोरा साहेब आला. त्याच्याकडे लाल घोडी होती, सारंगखेड्याच्या यात्रेतून घेतलेली. तापीला पाणी चढलं होतं. साहेबाला त्याच दिवशी पलीकडे जायचं होतं. पाळी बापाची. घोडी पाण्याला बुजली, मागे मागे सरायला लागली. बापानं आपलं मुंडासं सोडून तिच्या डोळ्यांवर बांधलं, लगाम धरला आणि काठीनं तळ चाचपत पुढे झाला. पाणी हनुवटीला लागलं. मध्ये पाण्याखालच्या खडकानं त्याची टाच फाडली. त्यानं लगाम सोडला नाही. पलीकडे गेल्यावर साहेबानं त्याला नाव विचारलं. दोनदा विचारलं. पेन्सिलीनं लिहून घेतलं. साहेबाच्या खानसाम्यानं सांगितलं, साहेब प्रवाशांसाठी पुस्तक लिहितोय, त्यात तुझं नाव येणार.

टाच कधी नीट झाली नाही. बाप जन्मभर लंगडत चालला. पण ती गोष्ट सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की त्याला लंगडा कोण म्हणेल. दुसरं होतं काय त्याच्याजवळ? गावानं त्याचं ‘पुस्तक्या’ नाव पाडलं. सुगीत तो भाकर-दाणा मागायला जायचा तेव्हा पाटील ओट्यावरून म्हणायचे, “पुस्तकमा नाव शे ना तुन्हं, मंग भाकर कसाले मांगस?” ओट्यावरची सगळी हसायची. बापही हसायचा. मी त्याच्या मागे उभा राहून ते बघितलं आहे.

त्या पुस्तकापायी त्यानं मला शाळेत घातलं. नाव आपलं आणि वाचणारा परका, हे त्याला बरं वाटत नव्हतं. मी शाळेत वर्गाबाहेर बसून शिकलो. पुढे वसतिगृहात राहून शिकलो. पुण्यात इतिहास घेऊन एम.ए.ला बसलो तेव्हा प्रबंधिकेला विषय घेतला: इंग्रजी अमदानीत खानदेशातून जाणाऱ्या प्रवाशांसाठी निघालेली मार्गदर्शक पुस्तकं. प्राध्यापकांना विषय नवा वाटला. तो किती जुना आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ही पुस्तकं सापडणं महाकठीण. ज्यानं त्यानं ती प्रवासात वापरली आणि टाकून दिली. नवा रस्ता झाला, नवी गाडी सुरू झाली की जुनं पुस्तक रद्दी. ग्रंथालयांनाही त्यांचं काय करावं कळत नाही. पुण्यात मी कार्डांचे खणच्या खण उपसले. ‘प्रवास’ खाली एकही नाही. एक सापडलं शिकारीच्या पुस्तकांत, एक रेल्वेच्या वेळापत्रकांच्या गठ्ठ्यात, एकाचा फक्त घडीचा नकाशा उरलेला. कोणत्या बंगल्यात मुक्काम करावा, कोणत्या विहिरीचं पाणी चांगलं, कोणत्या गावी काय मिळतं, असं सगळं त्यात असायचं. काय मिळतं? दूध, अंडी, कोंबड्या, वाटाड्या. एकाच ओळीत. मी ते वाचलं, वहीत उतरवून घेतलं आणि पुढे गेलो. मला एक नाव हवं होतं, त्यापुढे बाकीचं दिसत नव्हतं.

मग प्राध्यापकांनीच सांगितलं, तुमच्या भागातल्या एका वाचनालयाला जुन्या अधिकाऱ्याचं कपाट मिळालं आहे. त्यात असलीच पुस्तकं भरली आहेत. त्याच आठवड्यात गावाहून निरोप आला. बाप अंथरुणाला खिळलाय. खोकल्यातून रक्त पडतंय.

मी आलो. बापाच्या हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. मी कपाटाचं सांगितलं तसा तो बाजेवर उठून बसला.

“पान दखाड माले. मी बोट लाईसन दखसू,” म्हणाला.

पान दाखव, मी बोट लावून बघीन. अक्षर कळत नव्हतं त्याला. पण आपलं नाव बोटाला कळेल, अशी त्याची खात्री होती.

त्या दिवसापासून मी रोज एस.टी.नं तालुक्याला जायचो आणि दिवेलागणीला परत यायचो. बाप दाराकडे तोंड करून पडलेला असायचा. भेटनं का, एवढंच विचारायचा. मी मान हलवायचो. कपाटातली पुस्तकं एकेक करून पायरीवर येत होती. कपाट केवढं, मला ठाऊक नव्हतं. मला आत जाऊन बघायची मुभा नव्हती. पुस्तकाचं नावही ठाऊक नव्हतं, साहेबाचं नावही नाही. आपलं गाव आणि नदी पायी ओलांडायचा तो उतार, एवढ्या खुणेवर मी पान न् पान वाचत होतो.

पुस्तकं उन्हात ठेवतात, हे मी एकदा घरी बोलून गेलो. कसर लागते म्हणून, असं सांगितलं. बाप माझ्याकडे बघत राहिला. त्याला लगेच समजलं. सगळं आयुष्य त्यात गेलेलं, त्याला काय कसर सांगता.  दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मायला दार उघडं ठेवायला सांगितलं आणि आभाळाकडे बघितलं. म्हणाला, “जाय भाऊ. आज ऊन पडी.”

मग श्रावणाची झड लागली.

आमच्याकडे झड लागली की दिवस न् दिवस सूर्य दिसत नाही. कापसाला बरी असते. मी रोज जायचो. शिपाई रोज आभाळ बघून तेच वाक्य म्हणायचा. तो वाईट माणूस नव्हता. त्याचाही पोटाचा प्रश्न होता. एकदा हळूच म्हणाला, माझ्या हातात असतं तर दिलं असतं. हातात तर त्याच्याच होती किल्ली. पण ते असो.

घरी माय मला बाजूला घेऊन म्हणाली, “सापडनं म्हन ना. त्याले काय वाचता येस?” मी नाही म्हणालो. खोटं कशाला बोलू, नाव खरंच आहे ना पुस्तकात. एक दिवस ऊन पडू दे फक्त. तेव्हा मला असं वाटत होतं. आपल्या बापाचं नाव छापलेलं आहे, याबद्दल मला तसूभर शंका नव्हती. मी बापाचाच पोरगा.

शेवटी एके सकाळी मी शिपायाला न जुमानता वरच्या पायरीवर चढलो आणि दारातून ग्रंथपालांना हाक मारली. सांगितलं, वडील फार आजारी आहेत, दिवस कमी आहेत. ते चष्मा काढून माझ्याकडे आले. चेहरा दुःखी केला. म्हणाले, “वडिलांना बरं वाटू दे. पुस्तकं कुठं पळून जाताहेत?”

तेव्हा मी जे बोललो ते आठवलं की आजही अंगाचा दाह होतो. मी म्हणालो, मी पुस्तकाला हात लावत नाही. शिपायाला धरायला सांगा. तो पानं उलटेल, मी लांबून वाचतो. एवढं करा.

माझ्या तोंडून गेलं हे. कुणी बोलायला लावलं नव्हतं. विद्यापीठात चार पुस्तकं वाचलेला मी, सभांमध्ये मुठी वळून भाषणं केलेला मी. बापासाठी मी स्वतःच स्वतःला पायरीखाली उभं केलं. आणि ग्रंथपालांनी त्यावर खरोखर विचार केला. हनुवटी खाजवली. म्हणाले, “बघू. उद्या यायचं.”

मी दुपारपर्यंत पायरीवर बसून राहिलो. वाटलं, त्यांचं मन बदलेल. अंगावर बारीक पाऊस पडत होता. मग एस.टी. पकडली. गावाच्या फाट्यावर उतरलो तर चुलतभाऊ डोक्यावर पोतं घेऊन उभा. त्यानं काही सांगायची गरज पडली नाही. बाप सकाळीच गेला होता. माय म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडे बघत होता. आभाळ उघडलं का, विचारत होता.

त्याच्या पायाशी बसलो तेव्हा ती टाच दिसली. मी ती हातात धरली आणि रडलो. एवढा मोठा झालो तरी मी त्या जखमेला कधी हात लावला नव्हता.

बापाचे दिवस झाले. झड उघडली. मी पुन्हा तालुक्याला गेलो. लख्ख ऊन पडलं होतं, आवारातला बाक वाळून पांढरा पडला होता. शिपाई मला बघून खूश झाला. थांबा, आणतो म्हणाला. मी थांबलो नाही. पायऱ्या चढलो, त्याच्या अंगावरून आत गेलो, पेपर वाचणाऱ्यांच्या मधून कपाटापाशी गेलो. किल्ली कपाटालाच होती. दार उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला. मी बघतच राहिलो. कपाट ते केवढं? दोन फळ्या. माणसानं आत बसून बघितलं असतं तर एका दिवसाचं काम होतं.

राहिलेली पुस्तकं मी कवेत घेतली आणि मधल्या टेबलावर मांडून बसलो. पेपरांची सळसळ थांबली. एकजण उठून गेला. ग्रंथपाल धावत आले. बाहेर बसायचं ठरलंय ना आपलं, म्हणाले. मी म्हणालो, “मी इथंच बसणार. तुम्ही पोलिसांना बोलवा. त्यांना सांगा, यानं पुस्तकाला हात लावला. तसंच लिहून घ्यायला सांगा.”

त्यांनी पोलिसांना बोलावलं नाही. कायदा त्यांनाही वाचता येत होता. ते उभे राहिले, मी वाचत राहिलो.

तिसरं पुस्तक उघडलं आणि आमचं गाव आलं. तोच उतार, तोच नदीचा वळसा. हाच तो साहेब. मी बोट लावून वाचायला लागलो. लिहिलं होतं, की पावसाळ्यात हा उतार धोक्याचा आहे. गावचा महार पुढे घालावा, म्हणजे खोलीचा अंदाज येतो. त्याला काही द्यावं लागत नाही. आणि पुढे लिहिलं होतं, की माझी घोडी डेझी इथं भर पुरातून जराही न डगमगता पार झाली. असं धीराचं जनावर सगळ्या प्रांतात दुसरं नसेल. घोडीवर सात-आठ ओळी होत्या. यात्रेत ती कशी मिळाली, रंग कसा, कान कसे.

मी पान उलटलं. पुढचं गाव आलं. पुन्हा मागे आलो. शेवटच्या पानांत शोधलं, प्रस्तावनेत शोधलं, आभारात शोधलं. कलेक्टर होता, मिशनचा पाद्री होता. बाप कुठंच नव्हता. दोनदा विचारून लिहून घेतलेलं नाव. गरज सरली, वैद्य मेला.

मी त्या पानावर डोकं ठेवलं आणि मला हुंदका आवरला नाही. त्या खोलीत कुणी हललं नाही. मग डोक्यावरून ग्रंथपालांचा आवाज आला. “पुस्तक ओलं होतंय.”

मी उठलो. डोळे पुसले. ते पुस्तक माझ्या हातानं कपाटात ठेवलं. मग दोन्ही फळ्यांवरच्या सगळ्या पुस्तकांवरून हात फिरवला, सावकाश. शेजारचं कपाट उघडलं, त्यातल्या पुस्तकांवरून फिरवला. मग तिसरं. पोथ्या, कादंबऱ्या, संतांचे अभंग, काही सोडलं नाही. टेबलावरचे पेपर चाचपले. मग ग्रंथपालांना म्हणालो, “आता घाला सगळं वाचनालय उन्हात.” आणि बाहेर पडलो.

बाहेर पडल्यावर मला काही जिंकल्यासारखं वाटलं नाही. बाप नव्हता. सांगणार कुणाला? फाट्यावर उतरून घरी आलो.

माय चुलीपुढे होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. घोडीचंही सांगितलं. तिनं तव्यावर भाकर टाकली. मग म्हणाली, “मंग तो पानीमा कोनासाठे उतरना व्हता?”

  तिनं ते मला विचारलं नव्हतंच बहुतेक. ती तशीच बसली आणि भाकर तव्यावर करपली.

त्याच पावसाळ्यात, पोळ्याच्या आसपास, एका अंमलदाराची जीप गावात येऊन अडकली. पुढच्या नाल्याला पाणी होतं. पाटलांचा माणूस आमच्या दारात येऊन उभा राहिला. वतनं कायद्यानं गेली होती. हाक गेली नव्हती. तो म्हणाला, पाटलांनी बोलावलंय, साहेबाला नाल्यापलीकडे काढून द्यायचं आहे, बापाच्या जागी आता तू. पुण्याला शिकतो म्हणून काय झालं, साहेबाची ओळख होईल, तुझंच भलं आहे, हेही त्यानं समजावलं.

माय आतून माझ्याकडे बघत होती. मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि त्याच्या बोलीत त्याला सांगितलं, “मन्हा बाप मरी गया. आते या घरमा वाटाड्या नही शे.”

तो म्हणाला, पाटलांना काय सांगू? मी म्हणालो, हेच सांग.

नंतर व्हायचं ते झालं. आमच्या घराला गावात काम मिळेना, मायला शेतांच्या बांधावरून चालू देईनात. ग्रंथपालांच्या तक्रारीवरून प्राध्यापकांचं पत्र आलं, वाचनालयाची माफी मागा, विषय अर्धवट सोडू नका. मी माफी मागितली नाही. प्रबंधिका दिली नाही. घोडीच्या सात-आठ ओळी आणि माणसाची एक नाही, असल्या पुस्तकांना आधार म्हणून तळटीपेत घालायचं आणि त्यावर पदवी घ्यायची, हे मला जमणार नव्हतं. उतारे उतरवून घेतलेल्या माझ्या वह्या मी चुलीत घातल्या. मायनंच जाळ सारला.

आता मी कुणाच्या पुस्तकात आमचं नाव शोधत नाही. कुणी लिहून घेतो म्हणालं तरी सांगत नाही. पाणी चढलेलं असो, साहेब खोळंबलेला असो. ज्याला पलीकडे जायचं आहे त्यानं आपली काठी घ्यावी आणि खोली आपण मोजावी. आमच्यातलं कुणी पुढे उतरणार नाही.